लाळेची चाचणी की तोंडाची तपासणी?

पूर्णेतल्या तरुणांच्या एका गटापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी त्यांना भेटून गेला. तुम्ही मोहल्ल्यात आरोग्य शिबिर भरवा, आम्ही लाळेची चाचणी करून देतो, घशाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखता येईल, असं त्याचं म्हणणं. प्रत्येकानं एका नळीत थुंकायचं, नळी कुरिअरनं प्रयोगशाळेत जाणार आणि काही दिवसांत मोबाईलवर रिपोर्ट येणार. शोधायचा आहे तो एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. जास्त किट घेतले तर सवलत. पैसे वर्गणीतून जमले आहेत. त्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्यांचे आहेत, हातगाडीवाल्यांचे आहेत, पुण्याला कामाला गेलेल्या मुलांनी पाठवलेलेही आहेत. गटातल्या मुलांनी मला विचारलं, "भाई, तुम्ही इंजिनिअर आहात. हे खरं आहे का? घ्यायचं का?"

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण कुठली चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून मी वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं आणि मुलांना उत्तर दिलं: चाचणी खोटी नाही, पण आपल्या मोहल्ल्याला आज तिचा उपयोग नाही. हे पैसे दुसरीकडे लावा. असे प्रस्ताव पूर्णेपुरते राहणार नाहीत. ते तुमच्याही गावात येतील. म्हणून हे उत्तर इथे सविस्तर मांडतो.

आधी विषाणू समजून घेऊ. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. डझनभर प्रकार मात्र कॅन्सरला कारण ठरू शकतात आणि त्यात सर्वात घातक क्रमांक १६. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हाच विषाणू असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, अगदी जवळच्या त्वचेच्या संपर्कातूनही पसरतो. तो इतका सर्वसामान्य आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्या थोड्या लोकांना धोका असतो.

तोंडातही तो सापडतो. अमेरिकेत २००९-१० मध्ये १४ ते ६९ वयाच्या लोकांकडून तीस सेकंद गुळण्या करून घेतल्या आणि ते पाणी तपासलं. सुमारे ७ टक्के लोकांच्या तोंडात कुठला तरी एचपीव्ही सापडला. घातक १६ क्रमांकाचा मात्र साधारण १ टक्का लोकांतच होता. तिकडे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतेक आता या विषाणूमुळे होतात. त्यामुळे लाळेच्या चाचणीवर तिकडे जोरात संशोधन चालू आहे आणि ते महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी २०२० साली एक उदाहरण प्रसिद्ध केलं. कसलंही लक्षण नसलेल्या एका माणसाच्या लाळेत हा विषाणू पुन्हा पुन्हा आणि वाढत्या प्रमाणात सापडत होता. शेवटी टॉन्सिल काढून तपासले, तेव्हा आत अवघ्या २ मिलिमीटरचा कॅन्सर निघाला. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अशी, की ही चाचणी कॅन्सर शोधत नाही, ती विषाणू शोधते. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, आणि सापडला नाही म्हणजे धोका टळला असंही नाही, कारण तो टॉन्सिलच्या खोल खाचांमध्ये दडून बसतो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत पुढची वाट ठरलेली आहे. विषाणू सापडला तर डॉक्टर गर्भाशयमुख पाहतात, कॅन्सरपूर्व बदल दिसला तर तो भाग तिथेच गोठवून किंवा जाळून काढतात. घशाच्या बाबतीत अशी वाट अजून तयार नाही. कॅन्सरच्या आधीची अवस्था घशात डोळ्यांना ओळखता येत नाही. विषाणू मारणारं औषध नाही. मग ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्यानं करायचं काय? सगळ्यांचे टॉन्सिल काढायचे? म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं निरोगी लोकांच्या तोंडातला एचपीव्ही शोधण्यासाठी एकाही चाचणीला अजून मान्यता दिलेली नाही.

दुसरी अडचण साध्या गणिताची आहे. समजा, आपण हजार लोकांच्या नळ्या भरल्या. समजा, त्यातल्या दहा जणांना खरोखर १६ क्रमांकाचा संसर्ग आहे. चाचणी चांगली आहे असं धरू: संसर्ग असलेल्या दहापैकी नऊ जण ती बरोबर पकडते आणि संसर्ग नसलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना बरोबर निगेटिव्ह सांगते. उरलेले ९९० निरोगी, त्यांचे ५ टक्के म्हणजे जवळपास ५० जण. म्हणजे एकूण ५९ लोकांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडेल आणि त्यातल्या फक्त नऊ जणांचा खरा असेल. त्या नऊ जणांनाही कॅन्सर झालेला नसेल, फक्त विषाणू असेल. चाचणीचे हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. दुर्मीळ गोष्ट शोधायला सरसकट सगळ्यांची चाचणी केली की खोटे इशारे खऱ्यांपेक्षा जास्त येतात. 'चाचणी ९५ टक्के अचूक' असं पत्रकावर छापलेलं असतं, तेव्हा हा हिशोब त्याखाली छापलेला नसतो.

तिसरी अडचण आपल्या मोहल्ल्याची आहे. ते ५९ लोक कुठे राहतात? पूर्णेत राहतात, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. रिपोर्ट येणार मोबाईलवर आणि अनेक घरांत मोबाईल एकच. तो आधी मुलगा उघडणार, मग सून पाहणार. एचपीव्ही कसा पसरतो हे कुणीतरी गुगलवर शोधणार आणि अर्धवट वाचणार. मग प्रश्न सुरू होतील. हिला कुणाकडून झालं? हा कुठे जात होता? ठरलेला रिश्ता मोडायला एवढं पुरतं. आणि संशयाचं ओझं पुरुषापेक्षा बाईच्या खांद्यावर जास्त पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. खरं तर हा विषाणू शरीरात कधी शिरला हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. तो पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो. एकनिष्ठ नवरा-बायकोतही तो सापडतो. एचपीव्ही हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. पण शंभर घरांना हे समजावून सांगण्याआधी त्यांच्या हातात रिपोर्ट देणं म्हणजे वादाला आमंत्रण आहे.

चौथी गोष्ट माझ्या पेशातली. किटसोबत भरायचा फॉर्म मी पाहिला. नाव, वय, मोबाईल नंबर, पत्ता, आधार क्रमांक, व्यसनं आणि लैंगिक संबंधांबद्दल दोन प्रश्न. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर आणि सहीची जागा. माहिती कुठे साठवणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, पुसून टाका म्हटलं तर पुसणार का, याबद्दल स्पष्ट असं काही नाही. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी घेत आहोत हे साध्या भाषेत सांगून संमती घ्यायची, हे त्याचं मूळ सूत्र आहे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याची इंग्रजी फॉर्मवरची सही ही संमती नाही. लाळ थुंकून टाकली म्हणून ती बिनकिमतीची होत नाही. तिच्यात त्या माणसाचा आणि त्याच्या आख्ख्या खानदानाचा डीएनए असतो.

आता सर्वात मोठं कारण. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर होतो, पण त्याची जागा आणि कारण वेगळं आहे. पश्चिमेत एचपीव्हीमुळे होतो तो घशाचा, टॉन्सिलचा. आपल्याकडे होतो तो मुख्यतः गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरड्यांचा, म्हणजे नेमका पुडी दाबून ठेवतात त्या जागेचा. त्यामागे आहे तंबाखू आणि सुपारी. भारतात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसं त्यानं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरताना आढळले, म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती कागदावर कशी आहे आणि टपरीवर कशी आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो," असं सांगणारेही खूप भेटतात. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर घडवते, हे त्याच संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक, पांढरट होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. विशी-पंचविशीतली मुलं पाणीपुरीची पुरी तोंडात घेऊ शकत नाहीत, तिखट लागलं की जीव कासावीस होतो, आणि घरचे म्हणतात, 'उष्णता झाली असेल.' ती उष्णता नसते, कॅन्सरच्या आधीची पायरी असते.

इथे आपल्या समाजाशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपण दारूला हात लावत नाही हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते योग्यच आहे. पण जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या टपरीवर पुड्यांच्या माळेखाली जी गर्दी होते, तिच्याकडे आपण पाहत नाही. लग्नाच्या दावतीनंतर ताटात ठेवलेल्या सुपारीला आपण मेहमाननवाजी म्हणतो. मिश्री लावणाऱ्या दादी-नानीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. दुसरीकडे रमजानमध्ये हाच माणूस सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय राहतो, तेही उन्हात कामं करून, एक महिना. 'मला सोडता येत नाही' असं म्हणणाऱ्यानं स्वतःचाच हा पुरावा आठवावा. मगरिबनंतर पहिला घास खजुराचा आणि दुसरी पुडी, ही सवय तोडता आली तर ईदच्या दिवशी त्याच्याकडे महिन्याभराची कमाई असेल. सोडताना त्रास होतोच, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्यासाठी १८०० ११ २३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

तोंडाचा कॅन्सर शोधायला नळी लागत नाही, उजेड आणि नजर लागते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून याचा मोठा अभ्यास झाला. तेरा पंचायती, दोन लाखांच्या आसपास लोक. तपासायला डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर होते. ते घरोघरी जात, लोकांना तोंड उघडायला सांगत, गाल, जीभ, हिरड्या पाहत आणि संशय आला तर दवाखान्यात पाठवत. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी फक्त १.२ टक्के लोकांनी तोंडाची तपासणी कधी करून घेतली होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. पूर्णेतला तो गट ही तपासणी करू शकतो. एखाद्या दंतवैद्याला बोलवा, चार खुर्च्या आणि दोन टॉर्च लावा, तेवढं पुरतं.

एचपीव्हीची चाचणी करायचीच असेल, तर तिची खरी जागा आपल्या मराठवाड्यानंच जगाला दाखवली आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीनं एक अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. एका गटाला आयुष्यात फक्त एकदा गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी मिळाली. आठ वर्षांनी पाहिलं, तर त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले होते आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, चाचणी न मिळालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाही हवा होता. पण निष्कर्षानं जगाचं धोरण बदलायला मदत केली. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी पहिली मानते, आणि बाईनं नमुना स्वतः, पडद्याआड घेतला तरी चालतो असं सांगते. ज्या बायका लाजेपायी डॉक्टरांकडे जात नाहीत, त्यांच्यासाठी ही किती मोठी सोय आहे! या कॅन्सरनंही देशात वर्षाला सुमारे ८० हजार स्त्रिया जातात. आणि ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी त्याची तपासणी कधी करून घेतली होती.

विषाणू एकच आहे. गर्भाशयमुखात त्याचा शोध घेतला तर पुढे इलाज आहे, आणि घशात घेतला तर आज फक्त काळजी आहे. हा फरक त्या प्रतिनिधीनं सांगितला नाही. तो सांगणं त्याच्या फायद्याचं नव्हतं.

आणि घशातला एचपीव्ही रोखायचाच असेल तर त्याचा मार्ग लस हा आहे. कोस्टारिकातल्या एका अभ्यासात लस घेतलेल्या तरुणींच्या तोंडात १६ आणि १८ क्रमांकांचा संसर्ग चार वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आढळला. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी झाला. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती मुलींना आणि मुलांनाही देता येते. ९ ते १४ या वयात दोन डोस पुरतात. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होत नाही. मूल होत नाही, ही अफवा पोलिओच्या वेळीही आपल्याच मोहल्ल्यांत फिरली होती. पोलिओ गेला, मुलं होतच राहिली. मलेशियानं २०१० पासून शाळांमधून मुलींना ही लस दिली आहे. बांगलादेशानं २०२३ मध्ये आणि पाकिस्ताननं २०२५ मध्ये मोहीम सुरू केली. लस म्हणजे मुलीला मोकळीक देणं, असं म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं. तुमची मुलगी निकाहपर्यंत पूर्ण पाक राहील, पण तिच्या होणाऱ्या नवऱ्याची हमी कोण देणार?

तेव्हा वर्गणीच्या पैशांचं काय करायचं? मी त्या गटाला हे सुचवलं आहे आणि तुम्हालाही सुचवतो.

एक, तोंड तपासणीचं शिबिर घ्या, पण शिबिराच्या दिवशी काम संपवू नका. ज्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ दिसेल, किंवा ज्यांच्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नाहीत, त्यांची यादी करा. प्रत्येकासोबत गटातला एक जण परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात जाऊ दे. नांदेड गाडीनं जवळ आहे, पण रांगेत एकट्यानं उभं राहणं अवघड असतं. जमलेला पैसा तिकिटासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी वापरा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड आधीच तयार ठेवा.

दोन, आशाताईंना मोहल्ल्यात बोलवा. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती मागून घ्यावी लागते. बायकांची बैठक बायकांनीच घ्यावी. गटातल्या मुलींनी पुढे यावं आणि मुलांनी खुर्च्या लावून बाहेर थांबावं.

तीन, इमामसाहेबांना भेटा. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं तंबाखू आणि सुपारीवर बोलायची विनंती करा. मशिदीच्या दारापासूनची टपरी हलवता येते का, हे टपरीवाल्याशीच बोलून पाहा. त्याचंही पोट आहे, त्याला चहाची, फळांची गाडी लावायला मदत करा.

चार, ज्यांच्या घरी नऊ ते चौदा वयाची मुलं आहेत, त्यांना डॉक्टरांशी बोलून लशीची माहिती घ्यायला लावा. वर्गणीतून उरलेल्या पैशांत दोन-चार गरीब घरच्या मुलींना लस देता आली, तर ती शंभर नळ्यांपेक्षा जास्त आयुष्यं वाचवू शकेल.

लाळेच्या चाचण्या उद्या सुधारतील. घशातल्या कॅन्सरआधीची अवस्था ओळखता येईल, पुढचा इलाज ठरेल, तेव्हा मी स्वतः पहिल्या रांगेत नळी घेऊन उभा राहीन. तोवर कुणी चकचकीत पत्रक घेऊन आलं तर त्याला तीन प्रश्न विचारा: पॉझिटिव्ह आला तर पुढे काय? खोटा पॉझिटिव्ह किती जणांचा येतो? आमची माहिती कुठे जाते? उत्तरं मिळाली नाहीत तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. आणि त्याच संध्याकाळी आरशासमोर उभं राहून, मोबाईलचा टॉर्च लावून आपलं तोंड उघडून पाहा. मग अब्बूंचं पाहा, मग मोठ्या भावाचं. काही दिसलं तर उद्याची गाडी पकडा.